सुलट

धुळ्याच्या पाचव्या गल्लीत, छापखान्याच्या मागच्या खोलीत
तांब्याचा पत्रा मांडीवर घेऊन आप्पा बसत.
दगडात जे पुढं आलेलं, गुडघा, कंबरपट्टा, सिंहाची आयाळ,
ते तांब्यात रेघांनी उचलायचं.
सावलीला रेघा. उजेडाला काहीच नाही.
"उजेड कोरता येत नसतो," म्हणत,
"तेवढी जागा सोडायची असते."

बुराईकाठच्या देवळातली देवी
पंधरा दिवस तिथंच मुक्काम करून उतरवली त्यांनी.
नाकाचा टवका गेलेला, तो तसाच ठेवला.
शेंदराखाली भुवई कुठं संपते
ते अंगठ्यानं चाचपून.

जत्रेला पाचशे प्रती नेल्या, आण्याला एक.
देवकाबाईनं कागद घेतला,
उन्हात धरला,
परत दिला.
"हाई आमनी माय नई.
आमनी मायना तिरसूय जेवना हातमा शे."

लोक हसले. मग एकेक जण वाकून बघू लागला.
त्रिशूळ डाव्या हातात.
सिंहसुद्धा भलतीकडे तोंड करून.
आणि खाली कोपऱ्यात
'हि. वि. तांबट, धुळे'
अगदी सुलट.

म्हणजे स्वतःचं नाव उलटं कोरायला
हा माणूस विसरला नव्हता.

परतताना मोटारीत मी विचारलं.
चारशे ऐंशी देव्या मांडीवर, पुडक्यात.
ते बराच वेळ नखातली शाई काढत राहिले.
मग म्हणाले, आरसा लागतो त्याला.
मूर्तीकडे पाठ करायची,
आरशात बघत कोरायचं.
शेठजींचं तोंड, गिरणीची चिमणी, काढ्याची बाटली,
सगळं असंच केलं आजवर.

"तिच्याकडे पाठ करून
दोन दिवस बसून पाहिलं."

पुढं काही बोलले नाहीत.
सोनगीर आलं, रस्त्यापर्यंत भांडी ठोकल्याचा आवाज.

आठवड्यानं ते एकटेच परत गेले
(मी हट्ट केला, म्हणून दोघं)
आणि तो पत्राच देवकाबाईच्या ओट्यावर ठेवला.
तांब्यावर ती बरोबर होती.
त्रिशूळ उजव्या हातात, सिंह आपल्या जागी.
तिनं हात जोडले नाहीत लगेच,
आधी ओळखलं.

मी पदर पुढं केला तिचा, शाई पुसायला.
"ऱ्हाऊ दे रे भाऊ. काजय शे."

मग कोपऱ्यातल्या उलट्या अक्षरांवर बोट ठेवून,
"आनि हाई काय शे?"

"नक्षी," आप्पा म्हणाले.