तीन बोटं जास्त

दुलमाबाईंनी शिवणाची टेप काढली.
"डबा केवढा?"
बिल्गूननं हात पसरले,
निसटलेला मासा सांगावा तसे.

तीन पंख्यांचं कार्ड. तीन बोटं जास्त.
जुना पॉवर सप्लायही साडेचारशेचा,
त्याला हे ओझं झेपायचं नाही.
प्रोसेसर बदल, मग बोर्ड, मग रॅम —
एक टाका ओढला की अख्खी बाही उसवते,
हे लोकर निवडून पैसे जमवणाऱ्याला
वेगळं सांगायला नको.

दोन पंख्यांचंच घेतलं.
बाहेर उलानबातर, उणे एकतीस.
खोकं त्यानं कोटाच्या आत धरलं,
आजोबा नुकतं जन्मलेलं कोकरू धरत तसं.

"लगेच जोडू नकोस रे,"
दारातून दुलमाबाई,
"आत दव साचतं. रात्रभर
खोलीची सवय होऊ दे त्याला."

कार्ड निजलं.
तो जागा.