मकरपुऱ्याचा वजनकाटा

काट्याला काही झालं नव्हतं.
सळयांचा ट्रक पट्ट्यांवर उभा,
खिडकीतले लाल आकडे बरोबर,
फक्त चिठ्ठी निघत नव्हती.

"रात्री त्यानं स्वतःच स्वतःला नवं केलं,"
नटवरकाका दिघे म्हणाले,
मुलगा न विचारता केस कापून आल्यासारखे.
मागे अकरा ट्रक.
एकाच्या हॉर्नला दुसऱ्याचं उत्तर.
"बेन, केटली वार?"

पडद्यावर एकच ओळ:
सामायिक फाइल सापडत नाही.
पुढे तिचं नाव, नावाच्या शेपटीला
एक, टिंब, एक.
फाइल होती की. तिथंच होती.
आता ती नावापुढे तीन लावत होती.

लग्नात आईचं नाव बदललं.
ताटातल्या तांदळात अंगठीनं
कुमुदिनीची शैलजा झाली,
तांदूळ नंतर शिजलेही असतील.
शाळेच्या मैत्रिणीचं पत्र आलं
तेव्हा घरच्यांनी पोस्टमनला सांगितलं,
अशी कोणी इथं राहत नाही.
आई आत कणीक मळत होती.

मी नव्या फाइलवर जुन्या नावाची पाटी लावली.
आळशी उपाय, सगळेच करतात.
प्रोग्राम उघडला, क्षणभर स्थिर वाटला,
मग आतलं काहीतरी मागत कोसळला.
नाव पटलं होतं.
त्या नावानं जे हाक मारत होते
त्याला ओ देणारं आत कोणी उरलं नव्हतं.

"जुनं मशीन?"
"टाकलं." मग थोड्या वेळानं, "म्हणजे, मागे टाकलंय."
पंख्याच्या खोक्यांआड सापडलं,
दसऱ्याचा झेंडू वाळून चिकटलेला,
तिसऱ्यांदा बटण दाबल्यावर कण्हत उठलं.
त्याच्या पोटात ती होती,
एक, टिंब, एक,
अडीच एमबीसुद्धा नाही.

सगळ्यांच्या मधे नाही ठेवली.
काट्याच्या प्रोग्रामच्याच घरात एक कोपरा दिला
आणि त्याला एकट्याला सांगितलं,
आधी घरात बघ, मग बाहेर.
बाकीच्यांनी खुशाल नवी वापरावी.

प्रिंटर खरखरला.
ट्रक हलला, मग पुढचा.
शेवटचा गेल्यावर काका म्हणाले,
"तू पण चढ, अ‍ॅक्टिव्हासकट. टेस्टिंग."
एकशे सत्तर किलो.
काटा दहाच्या पटीतच बोलतो,
खालचं सोडून देतो.
"पार्टीचं नाव?"
मी जरा थांबले.
तोवर त्यांनी सवयीनं टाकलं होतं: रोख.

रात्री आईनं चिठ्ठी दिव्याखाली धरली,
चष्मा वर, चष्मा खाली.
"कोणाचं गं हे वजन?"
मामा गेल्यापासून कुमे म्हणणारं कोणी नाही.
मी म्हटलं,
थोडं माझं, बाकी गाडीचं.