दोन थोल

पहिल्याच दिवशी मी चुकलो.
इझबेल रेनर म्हणाली, नातू रात्रभर ग्रीट करत होता,
आणि मी, दक्षिणेकडचा, शाईच्या पेनाने नीट लिहिलं :
बाळाने रात्रभर स्वागत केलं.
पाच महिन्यांचं बाळ!
ती हसता हसता खोकली, खोकता खोकता
किटली उतरवायची विसरली.
रडणं रे, रडणं. आमच्याकडे ग्रीट म्हणजे रडणं.
मग पाहुणा दारात आला की काय करता?
आत घेतो, ती म्हणाली.

नॉर्थम्बरलंडचा किनारा, चोपन्न सालचा फेब्रुवारी.
धुरावलेल्या हेरिंगचा वास
माझ्या कोटाला, वहीला, कोऱ्या कार्डांनासुद्धा.

विद्यापीठातून पत्र आलं :
थोल एक आणि थोल दोन वेगळ्या खोक्यांत ठेवावेत.
एक म्हणजे वल्ह्याची खुंटी, होडीच्या काठावरची.
दुसरा म्हणजे सोसणं.
दिसायला जुळे, पण घराणी निराळी,
हजार वर्षं एकाच गल्लीत राहून
एकमेकांच्या लग्नालासुद्धा गेलेले नाहीत.
मी तिला वाचून दाखवलं.
असेल बाबा, म्हणाली. त्यांना कळत असेल.

खुंटी होती तिच्याकडे.
कथबर्टची होडी ब्लाइथच्या एका माणसाला विकली,
वल्ही, जाळी, दोर, सगळं मोजून दिलं,
ही तेवढी एप्रनच्या खिशात राहिली.
राहिली की ठेवली, ते मी विचारलं नाही.
प्रश्नावलीत तो प्रश्न नव्हता.
आता ती समुद्राकडच्या खिडकीच्या फटीत ठोकलेली,
वाऱ्याने तावदान वाजतं म्हणून.

बघू? मी म्हटलं.
तिने उपसून दिली. ॲशचं लाकूड,
एका अंगाने कंबर झिजलेली,
जिथे वल्हं तीस वर्षं टेकून
मागे गेलं, पुढे आलं.
मी लांबी मोजली, चित्र काढलं,
झीज कुठे ते बाणाने दाखवलं.
तेवढा वेळ तावदान खडखडत राहिलं
आणि आम्ही मोठ्याने बोललो,
आणि मग बोललो नाही.

हं, ठेव परत, ती म्हणाली.

कार्डं कुणीतरी लावली असतील एव्हाना,
खोकं एक, खोकं दोन.
माझ्या वहीत त्या चित्राखाली
एक ओळ आहे, माझ्याच अक्षरात,
आणि कितीदा वाचली तरी आठवत नाही
मी कुठल्या थोलबद्दल लिहीत होतो :

इझबेल रेनर, वय एकाहत्तर.
थोल. अजून वापरात.