अकरा महिन्यांचं भाडं

गुलेद म्हणायला जमेना आमच्या आईला,
तिनं गुलाब केलं.
सतारमेकर गल्लीत गुलाब नावाचे चार पुरुष होतेच,
हा पाचवा. सगळ्यांत उंच,
आत येताना टांगलेल्या भोपळ्यांना डोकं लागायचं.

सांगलीत कॉमर्सला होता. माडीवरची खोली,
भाडं दीडशे, लाइट वेगळी.
उंटाच्या दुधाची आठवण आली
की आमचा चहा अर्धा ठेवायचा.

एक्याण्णवला त्याच्या देशात सरकार मोडलं
आणि बापाचा ड्राफ्ट यायचा थांबला.
मिरज स्टेशनसमोरच्या एसटीडीत रोज रात्री जायचा.
तिकडं मोगादिशूत घंटी वाजायची, उचलायचं कुणी नाही.
"वाजतीय, म्हणजे भिंत उभी आहे," म्हणायचा.
एका रात्री घंटीही वाजली नाही.

मग मी त्याला हाताशी घेतला.
रंधा दिला नाही, लाख दिली नाही,
नुसतं ऐकायला बसवला.
भोपळ्याला टिचकी मारायची:
आतून चिरलाय का, कीड आहे का, एखादं बी सुटलंय का.
जवारी काढताना घोडीवर कानस एकदाच फिरवायची,
तार छेडायची,
थांबायचं.
घाई केलीस तरी बोलेल ती, पण खोटं बोलेल.
तो हे वहीत उतरवून घ्यायचा, त्याच्या भाषेत.
मला वाटलं, धंदा शिकतोय.

ब्याण्णवच्या उरसात दर्ग्यावर रात्रभर गाणं ऐकलं
आणि सकाळच्या गाडीनं गेला.
अकरा महिन्यांचं भाडं राहिलं.
आईनं त्याची चादर धुऊन घडी केली,
कुणाला देऊ दिली नाही.

पुढचं सगळं रेहानच्या मोबाइलवरचं.
केनियात निर्वासितांच्या छावणीत दुभाषी,
लंडनला कुठल्याशा गोदामात रात्रपाळी,
मग परत. एका मंत्र्याचा चिटणीस.
आणि एक दिवस हेरखात्याचा सगळ्यात वरचा माणूस.
फोटोत कोट, मागं निळा झेंडा, त्यावर एकच चांदणी.
गल्लीत शिरणी वाटायची का नाही
यावर दोन मतं पडली, मग राहूनच गेली.
चौदा महिन्यांनी एका हॉटेलात स्फोट, याची खुर्ची गेली.
दोन वर्षांनी तीच खुर्ची पुन्हा. पुन्हा गेली.
मग खासदार. मग स्वतःचा पक्ष.
ज्यांच्या फायली ठेवल्या
त्यांच्याच मांडीला मांडी लावून जेवण.

मधे सांगलीहून साध्या कपड्यांतला एकजण येऊन गेला,
ऐवळे नावाचा, विशेष शाखेचा.
"कोण यायचं त्याच्याकडं? काय बोलायचा?"
म्हटलं, बोलायचा कुठं. ऐकायचा.
त्यानं लिहून घेतलं.
भाड्याचंही सांगितलं, तेही लिहून घेतलं.

रात्री कधीकधी एक सुचतं आणि झोप जाते.
बंद खोली आहे, समोर बांधलेला माणूस,
आणि आमचा गुलाब टिचकी मारून बघतोय
चीर कुठं आहे.
मग थांबतोय. घाई करत नाही.
हे मी शिकवलं नव्हतं, असं म्हणतो मी अंधारात,
आणि कानस डोळ्यांसमोरून हलत नाही.

परवा तो राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला, पडला.
रेहाननं भाषण लावलं.
"काय म्हणतोय, दादा?"
मला काय कळणार. डोळे मिटले.
आवाज जाड झालाय.
शब्द फेकतो आता, मधे श्वासाला जागा ठेवत नाही.
पण खर्जाकडं जाताना एका ठिकाणी
तार घोडीला चिकटतीय,
तिथं सूत जरासं सरकवायला पाहिजे, नखभर,
पुढं का मागं, ते एकदा ऐकून कळत नाही.

"परत लाव," म्हटलं.