सरस

मे महिना. ग्वाल्हेरच्या उन्हात
तिच्या गिटारची घोडी उखडली.
लष्करात विचारत विचारत
दुकानाशी आली. घामाघूम. बावीसची.
नाव हेटी, गाव ग्रिम्सबी.

म्हटलं, सरस लावतो. उद्या याच वेळी.
तोवर हात लावायचा नाही.
तर ती बसूनच राहिली स्टुलावर,
तंबोऱ्यांच्या भोपळ्यांमध्ये.

भाचा शिरीष दुभाषी.
सतराव्या वर्षी तिनं भावावर गाणं लिहिलं.
तो बुडाला होता. गाणं तरलं.
कंपनी म्हणाली, अगदी असंच आणखी एक दे.
"आता भाऊ कुठून आणू?"
हे सांगताना शिरीष अडखळला.
मी शिकंजा एक फेरा आवळला.

दुसऱ्या दिवशी तारा चढवल्या.
वाटलं, तेच म्हणेल.
तिनं नुसता खर्ज छेडला, कान लाकडाला लावून,
आणि इतका वेळ ऐकत राहिली
की समोरचा कचोरीवाला
झारा हातात घेऊन बघायला आला.

साडेतीनशे झाले. चारशे ठेवून गेली.
जुन्या तारा इथंच.
एकीनं मी दुकानाची पाटी बांधलीय.
लू सुटली की वाजते.
षड्ज नव्हे. शिरीष म्हणतो,
मामा, पण आहे जवळच कुठेतरी.