बुडाकडून वाचायचं

सोमवार ते शनिवार हे यंत्र
मॉलच्या दारात लोकांच्या अंगावरून फिरवतो.
किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल, एकदा एका म्हाताऱ्याच्या
गुडघ्यातला स्टीलचा सांधा.
"आतलं आहे हो ते," तो म्हणाला,
आणि ओशाळलो मीच.

रविवारी तेच यंत्र शिवडीच्या चिखलावर.
सुपरवायझर परेराला हे ठाऊक नाही.
अमावास्येला पाणी लांब जातं,
पोटरीपर्यंतच्या रेंद्यातून एकेक पाय उपटत
वाकून, जवळजवळ टेकवूनच फिरवायचं.
याचा कान तोकडा,
चार बोटांपलीकडचं ऐकत नाही.

कालचा हिशेब:
होडीचे खिळे तीन, चौकोनी अंगाचे, म्हणजे हातानं ठोकलेले.
नळाची एक जड चावी.
एक वायसर.
आणि पाच नळकांड्या, हिरव्या पडलेल्या,
बाटलीसारख्या मानेच्या, एकीची मान चेपलेली.
मला वाटलं, शेगडीचं काहीतरी असेल.

दारूखान्यात इस्माईल पारकरचं दुकान.
बाप जहाजं तोडायचा,
हा तुकड्यांना नावं ठेवतो,
चांगल्या अर्थानं.
आधी लोहचुंबक. चिकटलं नाही.
मग चिंचेचा कोळ, झिजलेला टूथब्रश.
"तोंड काय बघतोस, तोंडं सगळ्यांची सारखीच.
बुडाकडून वाचायचं."

बुडाला कड, कडेनं मुंगीएवढी अक्षरं.
के, एफ.
"खडकी," पारकर म्हणाला,
जसं कुणी सुनेचं माहेर सांगावं.
मध्ये बाण, सरकारी मालाचा.
मग सन, त्रेचाळीस.
थ्री-नॉट-थ्रीचं काडतूस.
मधोमध टिकली असते,
टिकलीत खळगा असला तर उडालेलं.

चार उडालेली.
पाचवीची टिकली कोरी,
पण पुढं गोळी नाही, आत नुसता चिखल.
"ही का नाही उडाली?"
"मी पितळ ओळखतो," तो म्हणाला, "नशीब नाही."

कुणावर उडाली, तेही बुडावर लिहिलेलं नसतं.
सरावातली असतील, पारकर म्हणतो.
मी मान हलवतो.
दोघांनाही तेवढं पुरतं.

वायसर त्यानं सगळ्यात शेवटी घेतला.
घासला. दिव्याकडे धरला. भोकातून माझ्याकडे पाहिलं.
"वायसर कसला! पैसा आहे हा, भोकाचा.
बाप सुतळीत ओवून ठेवायचा असले."
एका अंगाला मुकुट, आणि सन.
पुन्हा त्रेचाळीस.

"लढाई चालू होती. तांबं पुरेना,
म्हणून पैशाच्या पोटातलं काढून घेतलं."
काढलेलं कुठं गेलं, हे मी विचारलं नाही.
त्यानंच एक नळकांडी उचलली,
तिची मान भोकात सरकवली.
गेली.
खांद्याशी जाऊन अडकली,
अंगठी पेरावर अडकते तशी.

आम्ही बघत बसलो.
बाहेर कुणीतरी गॅसकटरनं पत्रा कापत होतं,
ठिणग्या उंबऱ्यापर्यंत येऊन विझत होत्या.

खिळे लोखंडात, चावी पितळेत,
मिळून आले त्रेसष्ट रुपये.
काडतुसं तो घेत नाही, पोलीस विचारतात.
चार मी पुढच्या अमावास्येला
परत चिखलात नेऊन टाकेन
असं कबूल करून आलोय.

आज सोमवार.
मी आत शिरताना दारातली चौकट किंचाळली.
"घोलप, काय आहे रे खिशात?"
"पैसा," म्हणालो.
रिकिबे हसला. महिनाअखेर आहे.
माझंच यंत्र घेऊन
त्यानं माझ्या मांडीवरून फिरवलं,
ते ओरडतच राहिलं,
आणि मागं, पिशव्या उघडून धरलेली
रांग वाढत गेली.