चार चपला

मे महिन्यात साडेसातलाही गच्ची तापलेलीच असते.
दोन बादल्या पाणी मारलं की आधी वाफ येते,
मग सिमेंटचा वास,
मग कुठं माणसानं पाय टेकावा.
नायना चादर खांद्यावर टाकून वर येतात
आणि काल लाइट आल्यावर अर्धा राहिलेला विषय
तिथूनच उचलतात:

"सपाट हाय, बिड्डा.
बेचाळीस वर्षं माग चालवला मी.
सपाट कशाला म्हणतेत
ते तू मला शिकवालीस व्हय?"

मी महापालिकेच्या शाळेत भूगोल शिकवते, सहावी ब.
वर्गात एक पृथ्वीगोल आहे, त्याचा दांडा मोडलाय,
ऑस्ट्रेलियावर कुणीतरी च्युइंगगम चिकटवलंय.
एवढ्या पुराव्यावर मी भांडते.

म्हणते, क्षितिज बघा.
ते हात लांब करतात होटगीकडच्या दिव्यांपर्यंत.
"मधे एक टेकाड दाखव.
आपल्याकडं पाण्यालाबी कुठं जावं कळत नाही,
बसून राहतंय जागेवर."

म्हणते, चंद्रग्रहण. सावली गोल पडते.
"भाकरीचीबी पडती. भाकरी काय चेंडू हाय?"
याला उत्तर आहे, पुस्तकातच आहे,
नेमकं तेव्हा सुचत नाही.
खाली अम्मा हसते,
मांडीवरचं विड्यांचं सूप हलू न देता.

तेवढ्यात शारजाहून अंबादासचा फोन.
इथं अंधार, त्याच्या मागच्या खिडकीत लख्ख ऊन.
मी फोन नायनांच्या नाकापुढं धरते:
हा बघा सूर्य. आपल्याकडं बुडाला, तिथं आहे.
पृथ्वी सपाट असती तर?

ते विचार करतात. खरंच करतात.
आवाजावरून तुटलेला धागा हुडकताना असायचा
तसा चेहरा होतो.
मग म्हणतात,
"लोडशेडिंग आधी पलीकडच्या गल्लीत होतंय,
मग आपल्या, मग मागच्या.
म्हणून काय गल्ली गोल झाली?"

अंबादास तिकडं एवढ्यांदा हसतो
की हॉटेलचे टॉवेल घडी घालणारा नेपाळी पोरगा
वळून बघतो स्क्रीनकडं.

मला हरायचं नव्हतं.
मी त्यांच्याच कारखान्यात शिरले.
नायना, ताण्याचा बीम गोल.
कापड गुंडाळून घेणारा रूळ गोल.
मधे तुमच्यासमोर यायचं ते हातभर,
तेवढंच सपाट.
बेचाळीस वर्षं तुम्ही तेवढंच बघितलं.

बोलून झाल्यावर मला कळलं
मी काय बोलले ते.

नायना चादरीची घडी उलगडत राहिले.
कारखाना विकला तेव्हा शेटनं हिशोबात
पैशांऐवजी दोन चादरी लावल्या होत्या.
एक अंबादास घेऊन गेला.
ही दुसरी, मोराची.

परवा सकाळी शाळेला निघाले तर
अशोक चौकातल्या टपरीवरून ओळखीचा आवाज:
"गुवाहाटीपर्यंत गाडी नेलीस म्हणून काय झालं, चंद्रशा?
रुळावरच्या मुंगीला विचार,
ती कापडाला सपाटच म्हणणार.
गोल हाय पृथ्वी. लाव शंभराची पैज.
माझ्या पोरीच्या शाळेत ठेवलीय,
ये बघायला."

मौलासाब नदाफ बशीतला चहा फुंकत म्हणाले,
"राजेशम, परवा तर तू..."
"परवाचं सोड."

मी ओढणी तोंडावर घेतली
आणि स्कूटी पलीकडच्या बाजूनं काढली.

संध्याकाळी पुन्हा दोन बादल्या. वाफ. वास.
"सपाट हाय, बिड्डा," ते म्हणाले.
मी म्हणाले, चंद्रग्रहण.
"भाकरी," ते म्हणाले.

वारा सुटला होता.
चादरीची कड सारखी वळून आत येत होती.
नायनांनी चार कोपऱ्यांवर चार चपला ठेवल्या,
दोन त्यांच्या, दोन माझ्या,
आणि मधोमध आडवे झाले,
तळहातानं मोराची मान
सरळ करत.